डॉक्टर लांब आणि खाज रोजची

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दीड वर्षाची असल्यापासून तिला इसब आहे. कोपरांच्या आत, गुडघ्यामागच्या लवणीत, मनगटांवर आणि थंडीत मानेवरही. स्किनचे डॉक्टर आमच्यापासून चार तासांवर आहेत. पहाटे निघायचं, नंबर येईपर्यंत बसायचं, आत दहा मिनिटं आणि घरी परतायला रात्र. नवऱ्याचा कामावर खाडा होतो, मुलीची शाळा बुडते. मागच्या वर्षी दोनदा ठरलेल्या तारखेला आम्ही गेलोच नाही. पुढे फार चिघळलं तेव्हा गेलो, तर डॉक्टर म्हणाले, 'इतकं होईपर्यंत थांबलात कशा?' मला तिथेच रडू आलं. आणि ज्या दिवशी वेळेवर जातो, त्या दिवशी नेमकी तिची कातडी स्वच्छ असते! ट्यूब मी पुरवून पुरवून वापरते, संपली की कात्रीने कापून आतलं मलम बोटाने पुसून घेते. मागची १५ ग्रॅमची ट्यूब पाच महिने पुरवली. आता नवऱ्याला शहरातल्या शाखेत बदली मागता येईल. पद खालचं मिळेल, घर लहान होईल. थोरला नववीत आहे आणि सासूबाई यायला तयार नाहीत. त्या म्हणतात, 'वयाबरोबर जाईल, त्यासाठी घर कोण हलवतं?' नवरा काहीच बोलत नाही. अर्ज महिनाभरात द्यायचा आहे. लेकीसाठी एवढंही न करणारी आई मला व्हायचं नाही. आम्ही जावं का?"

प्रिय ताई,

बदलीचा अर्ज क्षणभर बाजूला ठेवते आणि आधी ती कात्रीने कापलेली ट्यूब हातात घेते. अंतर तुमच्या घरात नक्की काय करतंय, ते मला तिथे दिसलं.

हिशोब करून बघू. मलम मोजायची एक साधी पद्धत त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून रेघ काढली, की साधारण अर्धा ग्रॅम मलम होतं. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला, बोटं धरून, तेवढं पुरतं. तुमच्या मुलीचे कोपर, लवणी, मनगटं आणि मान मिळून तुमच्या चार तळहातांएवढा भाग आहे असं धरलं, तर एका वेळेला दोन रेघा, म्हणजे एक ग्रॅम. रोज एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. भडका उडेल तेव्हाच लावायचं आणि मधले दिवस सोडायचे म्हटलं, तरी तिच्यासारख्या वरचेवर भडकणाऱ्या इसबाला दीड-दोन महिने. तुम्ही ती पाच महिने पुरवलीत. चिठ्ठीवर डॉक्टरांनी एक मात्रा लिहिली आणि चार तासांच्या रस्त्याने ती परस्पर कमी करून टाकली!

याला मी काटकसर म्हणणार नाही. ट्यूब संपली की पुन्हा पहाटेची बस, पुन्हा खाडा, हे डोक्यात असलं की हात आपोआप आखडतो. मग चट्टा निम्मा-शिम्मा बरा होतो, दहा दिवसांनी पुन्हा उठतो, आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाही तसंच वाटतं आणि ते जास्त तीव्र मलम लिहून देतात. त्याची तुम्हाला आणखी भीती वाटते, म्हणून तुम्ही ते आणखी कमी लावता. लांब राहणाऱ्या कितीतरी घरांत हे चक्र असंच फिरत असतं आणि कोणालाच ते दिसत नाही. डॉक्टरांना तर मुळीच नाही, कारण ट्यूब किती दिवस पुरली हा प्रश्न केसपेपरवर नसतोच.

आता तुमच्या अपराधीपणाबद्दल. १८५० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड जार्व्हिस नावाचे डॉक्टर मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासत होते. रुग्णालयाच्या जवळच्या भागांतून लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ रुग्ण दाखल होत, आणि जसजसं लांब जावं तसतसा आकडा घटत जाई. लांबच्या गावांत आजार कमी होता असं मुळीच नाही, तिथून रुग्ण आणणं जड जात होतं एवढंच. तेव्हापासून निरनिराळ्या आजारांसाठी हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यामुळे दोन तारखा चुकल्या याचा अर्थ तुम्ही बेफिकीर आई आहात असा काढू नका. चार तासांवर राहणाऱ्या घरांचं जे होतं, तेच तुमचं झालं. त्यातही कातडीच्या आजाराची गोष्ट वेगळी. तो सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून घरात रजा, परीक्षा, पाहुणे यांच्याशी सामना झाला की हरतो तो हाच. 'पुढच्या महिन्यात जाऊ' हे हृदयाच्या दुखण्यात कोणी म्हणत नाही. खाजेच्या बाबतीत सगळे म्हणतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न विचारताच धरून चालला आहात, आणि मला तिच्यावरच बोट ठेवायचं आहे. जितक्या खेपा जास्त तितकी काळजी चांगली, असं तुम्ही धरलं आहे. म्हणून जवळ राहायला गेलो की मुलगी बरी होईल, हे ओघाने आलंच. पण इसब हा डॉक्टरच्या खोलीत बरा होणारा आजार नाही. तो आटोक्यात राहतो न्हाणीघराच्या दारात, अंग टिपल्यावर लगेच लावलेल्या मॉइश्चरायझरने, भडका उडताच वेळेवर आणि पुरेशा लावलेल्या औषधी मलमाने, कापलेल्या नखांनी. ही कामं तुमच्याच हातची आहेत आणि तुम्ही शहरात गेलात तरी तुमच्याच हातची राहणार. तज्ज्ञाची गरज खरी कुठे लागते? हे इसबच आहे ना, हे ठरवायला. औषधाची पातळी ठरवायला. ठरवलेलं सगळं नीट करूनही आजार बधत नसेल तेव्हा पुढची पायरी निवडायला. ही कामं वर्षातल्या मोजक्या भेटींत होतात, फक्त त्या भेटी भरीव हव्यात. तुमच्या भेटी आजवर दहा मिनिटांच्या आणि ट्यूबपुरत्या झाल्या.

म्हणून पुढच्या खेपेला ट्यूब आणायला जाऊ नका, लेखी योजना आणायला जा. दारातून आत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: "डॉक्टर, आम्ही चार तासांवरून येतो. तीन महिन्यांच्या आत पुन्हा येणं जमत नाही. तोवर घरी काय करायचं ते मला पायरी-पायरीने लिहून द्या." रडू येईल म्हणून हे वाक्य घरूनच कागदावर लिहून न्या. 'इतकं होईपर्यंत थांबलात कशा' असं विचारणाऱ्या डॉक्टरांना तुमचा पत्ता कागदावर दिसतो, पहाटेची बस दिसत नाही. सांगितलं तर बहुतेक डॉक्टर औषधाची मुदत, प्रमाण आणि पुढची तारीख त्याप्रमाणे बदलतात. सांगूनही जो बदलत नाही, तो डॉक्टर तुमच्यासाठी योग्य नाही, मग तो चार तासांवर असो की चार मिनिटांवर.

त्या कागदावर काय असायला हवं ते सांगते, म्हणजे काही राहिलं तर तुम्हाला विचारता येईल. शांत दिवसांत काय लावायचं आणि किती. मॉइश्चरायझरच्या बाबतीत 'थोडं थोडं' हा शब्द विसरा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर द्यावं असं म्हटलंय. इतकं ऐकून बहुतेक आया दचकतात. महागडं, सुगंधी लागत नाही, साधं पण भरपूर लागतं. मग भडका उडेल तेव्हा कोणतं मलम, अंगाच्या कोणत्या भागाला, किती रेघा, किती दिवस, आणि थांबवायचं कधी. चेहऱ्याची आणि मानेची कातडी पातळ असते, तिथलं मलम बहुधा वेगळं असतं, ते वेगळं लिहून घ्या. चट्टा दिसेनासा झाल्यावर पुढे काय, हेही विचारा. पुष्कळ मुलांना नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवायला सांगतात, कारण वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीत आत ओल असावी तशी दाहाची खूण कातडीच्या आत उरलेली असते. तुमच्या मुलीला हे हवं की नको, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पण विचारायचं तुम्ही. आणि शेवटी, हे सगळं पुरेल इतक्या औषधाची चिठ्ठी. पुढची तारीख तीन महिन्यांनी असेल तर औषधही तीन महिन्यांचं.

इसबाचं औषधी मलम बहुधा स्टेरॉईडचं असतं. त्या स्टेरॉईडच्या भीतीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पाच महिने पुरलेल्या ट्यूबमध्ये ती थोडी असणारच. वयाला आणि जागेला साजेसं, ठरलेल्या मुदतीसाठी लावलेलं स्टेरॉईड मलम मुलांसाठी सुरक्षित मानलं जातं. नुकसान होतं ते दोन टोकांना. कमी लावून महिनोन् महिने अर्धवट चालवलं तर, आणि चिठ्ठीशिवाय दुकानातून 'सगळ्यावर चालणारं' मिश्र मलम आणून लावलं तर. असल्या मिश्र मलमातलं तीव्र स्टेरॉईड गजकर्णावर पडलं की खाज दोन दिवस थांबते, बुरशी मात्र खालून पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की नंतर तज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो. लांब राहणाऱ्यांकडून ही चूक जास्त होते, कारण दुकान जवळ असतं.

आता त्या चमत्काराकडे, तपासणीच्या दिवशी स्वच्छ होणाऱ्या कातडीकडे. यात चमत्कार काही नाही. इसब भरती-ओहोटीने चालतो आणि तारीख महिनाभर आधी ठरलेली असते. त्या दिवशी डॉक्टर जे बघतात त्यावरून ते ठरवतात, आणि बिचारी आई 'अहो, खरंच खूप होतं' म्हणत राहते. तेव्हा पुरावा सोबत न्या. वाईट दिवशी फोटो काढा, मलम लावायच्या आधी, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. एक जरा लांबून, म्हणजे अंगाच्या कोणत्या भागावर आहे ते कळेल. एक मध्यम अंतरावरून. एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. जवळचा फोटो हमखास धूसर येतो, म्हणून तीन-चार काढून त्यातला चांगला ठेवा. सावळ्या कातडीवर दाह लाल दिसत नाही, जांभळट, करडा किंवा नुसता गडद दिसतो. मोबाइल तो आणखी 'सुंदर' करून टाकतो, तेव्हा फोटो उजळ करणारी सोय बंद करा. मुलीच्या खाजगी भागाचा फोटो लागलाच तर तो डॉक्टरांना दाखवून पुसून टाका, आणि कोणताच फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. सल्ले शंभर येतील, कामाचा एक नाही.

फोटोपेक्षाही उपयोगी एक गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झालेली पोएम नावाची प्रश्नावली. सात प्रश्न, सगळे मागच्या आठवड्याबद्दल: किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, चिकट पाणी सुटलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, कातडी कोरडी-खरखरीत होती. एकही दिवस नाही तर शून्य, एक-दोन दिवस तर १, तीन-चार दिवस तर २, पाच-सहा दिवस तर ३, रोज तर ४. बेरीज २८ पर्यंत जाते. ८ ते १६ म्हणजे मध्यम आजार, १७ पासून पुढे तीव्र. रविवारी रात्री दोन मिनिटांत होतं. कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहून ठेवायचा, बस. तीन महिन्यांचे आकडे डॉक्टरांसमोर ठेवलेत की दहा मिनिटांच्या भेटीत तीन महिने दिसतात. या आकड्यांचं आणखी एक काम आहे, त्याकडे शेवटी येते.

तुमच्या जवळ कोणी फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ आहे की नाही, ते पत्रात नाही. असावा असं धरते. तुम्ही त्यांना इसबाच्या कामातून पूर्ण वगळलेलं दिसतंय. तज्ज्ञांनी दिलेल्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. मधल्या काळात औषध पुन्हा लिहून देणं, कातडीत जंतुसंसर्ग झालाय का ते बघणं, कधी रक्ततपासणी लागली तर ती करून घेणं, एवढं ते सहज करू शकतात. अडलंच तर ते तज्ज्ञांना फोन करतील. दोन डॉक्टरांचं बोलणं तीन मिनिटांत होतं, त्यासाठी तुमचा अख्खा दिवस जायला नको.

फोटो पाठवून किंवा व्हिडिओवर तपासणी होते का, हेही विचारून घ्या. ज्या आजाराचं निदान आधीच झालंय, त्याच्या पाठपुराव्याला ती पद्धत चांगली चालते. एक खेप प्रत्यक्ष, एक फोनवर, असा क्रम लावला तर तुमचे निम्मे हेलपाटे वाचतात. तिच्या मर्यादाही माहीत असू द्या. कातडी हाताला कशी लागते, जाड झालीय का, ते पडद्यावर कळत नाही. तुकडा काढून तपासता येत नाही. आणि तुम्ही जे दाखवाल तेवढंच दिसतं, पाठीवरचं न दाखवलेलं राहून जातं. नव्या, विचित्र किंवा पसरत्या गोष्टीसाठी प्रत्यक्षच जावं.

एक शंका फोनवरसुद्धा विचारून टाका. घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला? असेल तर इसबावर खरूज चढलेली असू शकते, आणि मग एकट्या मुलीवर उपचार करून काही होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं. योग्य उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. ते ठाऊक नसलं की लोक विनाकारण पुन्हा बस पकडतात.

आणि काही वेळा अशा असतात की 'आपल्या डॉक्टरांना' दाखवण्यासाठी थांबायचंच नाही. चट्ट्यावर एकाएकी सारख्या आकाराचे दुखरे फोड किंवा टोचून काढल्यासारखे खड्डे उठले, झपाट्याने पसरले, ताप आला, मूल मलूल झालं, तर ती इसबावर झालेली नागिणीच्या जातीच्या विषाणूची लागण असू शकते. डोळ्याजवळ असेल तर आणखीच घाई. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा, तिथे स्किनचे डॉक्टर नसले तरी चालेल. पिवळसर, मधासारख्या खपल्या आणि चिकट पाणी म्हणजे जंतुसंसर्ग. तो दोन दिवसांत फॅमिली डॉक्टरांनी बघितला तरी चालतो, ताप असेल तर त्याच दिवशी. नवं औषध सुरू केल्यावर तोंड आलं, डोळे लाल झाले आणि कातडी दुखू लागली, किंवा ओठ-चेहरा सुजून श्वास लागला, किंवा तापात अंगावर दाबूनही न विरणारे जांभळे ठिपके आले, तर क्षणभरही न थांबता थेट जवळच्या रुग्णालयात जा. चार तासांवरच्या माणसाची सवय झाली की जवळचं दवाखान्याचं दार दिसेनासं होतं. म्हणून हे तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरात असू दे.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. अंतर सगळ्याच आजारांत सारखं महाग पडत नाही. तुमच्यासारख्या इसबात दोन आठवडे इकडे-तिकडे चालतात. पण तान्ह्या बाळाच्या अंगावर लाल, उंचावत जाणारी खूण दिसली तर तिथे आठवडे मोजावे लागतात. रक्तवाहिन्यांची ती गाठ, हेमँजिओमा, पाचव्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात झपाट्याने वाढते. डोळ्याजवळ, नाक-ओठांवर, लंगोटाच्या जागी किंवा मोठी असेल, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार बाळ महिन्याचं होतानाच तज्ज्ञाकडे जायला हवं. प्रोप्रॅनोलॉल हे औषध यावर चालतं हे योगायोगाने लक्षात आलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा खरा उपयोग वाढीच्या काळात होतो. इथे 'बाळ जरा मोठं होऊ दे, मग प्रवास करू' हा शहाणपणाचा वाटणारा विचार नडतो. बाळाला नेण्याआधी फोटो पाठवा, नंबर लवकर मिळेल. बधिर, फिक्या चट्ट्याला, रूप बदलणाऱ्या तिळाला आणि महिनाभर न भरणाऱ्या जखमेलाही अंतराची सबब देऊ नये. मोठ्यांच्या सोरायसिसमध्ये प्रकाशकिरणांचे उपचार आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावे लागतात, लांबच्यांना ते सुटतातच. त्यांनी घरी वापरायच्या यंत्राबद्दल विचारावं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या लाइट या अभ्यासात घरी घेतलेले किरण दवाखान्यातल्यांच्या तोडीस उतरले.

आता ताई, बदली.

शहरात गेल्याने इसब कमी होईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हवा बदलते, पाणी बदलतं, घर बदलतं. काही मुलांना सोसतं, काहींना नाही. जवळ राहिल्याने नक्की एकच मिळतं, वरचेवर जाता येतं. तेव्हा प्रश्न असा विचारा, की वरचेवर जाणं लागेल असे उपचार मुलीला हवे आहेत का? आज तरी तसं दिसत नाही. कारण साधा उपचार पुऱ्या मात्रेत तिला अजून एकदाही मिळालेला नाही. पाच महिन्यांच्या ट्यूबवरून 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढून नवऱ्याने पद सोडावं, हे मला पटत नाही.

लेखी योजना आणा, पुरेसं औषध आणा, तीन महिने मोजून-मापून करा आणि रविवारचे आकडे लिहा. आकडा १७-१८ वरून आठ-नऊच्या खाली आला, तर शहराचा विषय तूर्त मिटला. नीट करूनही तो १७ च्या खाली उतरत नसेल, तर पुढचे उपचार लागतील. तेव्हाही कायम राहायला जावंच असं नाही. प्रकाशकिरण काही आठवडे-महिने असतात. कशाच्या स्पर्शाने ॲलर्जी होते ते शोधणाऱ्या पॅच चाचणीत पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढून पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा बघतात, म्हणजे एका आठवड्याचा मुक्काम. तीव्र इसबासाठीची ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनं शिकवल्यावर घरी देता येतात. शहरात एखाद्या नातेवाइकाकडे सुट्टीत दीड महिना राहणं आणि सगळं घर उचलणं, यांत पुष्कळ पायऱ्या आहेत.

अडचण एवढीच की अर्जाची मुदत एका महिन्याची आणि माझी मोजणी तीन महिन्यांची. नवऱ्याला कार्यालयात विचारू दे: अर्ज पुढच्या फेरीत देता येतो का, दिलेला मागे घेता येतो का. घरातल्या आजारपणाचं कारण लेखी दिलं तर कदाचित मुभा मिळेल. दोन्ही नाही जमलं, तर माझं मत अर्ज न देण्याकडे झुकतं. मुलीच्या आजाराला मी हलकं लेखत नाही, पण खालचं पद आणि थोरल्याची दहावी या गोष्टी परत फिरत नाहीत. मात्र बदलीमागे शहरातली शाळा, तुमची स्वतःची नोकरी, वेगळं घर असं आणखी काही तुमच्या मनात असेल, तर ते मुलीच्या कोपरावर लादू नका. त्याचा विचार त्याच्या नावाने करा. तसं असणं गैर नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. बहुतेक मुलांचा इसब मोठेपणी पुष्कळ कमी होतो. पण सहाव्या वर्षापासून तिथपर्यंतच्या रात्री तिला खाजवत काढाव्या लागतील, हे वाक्याचं दुसरं अर्धं. वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्या. रात्रीचं मॉइश्चरायझर आजीच्या हाताने लागलं तर नात कुरकुरत नाही, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

आणि नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसू नका. पुढच्या खेपेला मुलीला घेऊन एकटे त्यांनाच जाऊ द्या, कागद आणि फोटो हातात देऊन. तुम्हीच नेहमी आत बसता आणि ते बाहेर बाकड्यावर, असं असेल तर आजाराबद्दल त्यांना जे कळतं ते सगळं तुमच्या चेहऱ्यावरून. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकून आले, की बदलीचं काय ते बोलतील. निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून लांबून येणाऱ्यांसाठी दुपारचा नंबर मिळतो का तेवढं विचारून घ्या.